पर्यवेक्षकाची सचोटी आणि संस्थानिष्ठा

कामावर देखरेख ठेवणाऱ्या व्यक्तीच्या उक्ती व कृती यांतील एकवाक्यता, हिशेबातील प्रामाणिकपणा आणि हाताखालच्या माणसांशी होणारा निःपक्षपाती व्यवहार यांना एकत्रितपणे पर्यवेक्षकाची सचोटी असे म्हणतात. कर्मचाऱ्याला आपल्या कामाच्या ठिकाणाविषयी वाटणारी बांधिलकी म्हणजे संस्थानिष्ठा होय. या दोहोंमधील संबंध हा संघटनात्मक मानसशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र आणि कामगार इतिहास यांचा अभ्यासविषय आहे. पर्यवेक्षक सचोटीचा असेल तर कर्मचारी संस्थेत मनापासून टिकून राहतात, असा या अभ्यासांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. सचोटी नसतानाही कर्मचारी टिकून राहू शकतात. परंतु अशा वेळी त्यांना धरून ठेवणारी गोष्ट बहुधा कर्ज, गरज किंवा दुसऱ्या कामाचा अभाव ही असते. म्हणूनच किती माणसे टिकली एवढ्या आकड्यावरून संस्थेची खरी स्थिती कळत नाही. ती कशामुळे टिकली हेही पाहावे लागते.

संज्ञा व व्याप्ती

पर्यवेक्षक या शब्दात मालक व कामगार यांच्या मधली, प्रत्यक्ष काम करवून घेणारी प्रत्येक पायरी येते. कारखान्यातील फोरमन व सुपरवायझर, कचेरीतील मुख्य लिपिक, शाळेतील मुख्याध्यापक, बांधकामावरील व ऊसतोडणीच्या टोळीवरील मुकादम, जुन्या कापड गिरणीतील जॉबर ही त्याची परिचित रूपे होत. यांपैकी बहुतेकांना संस्थेची धोरणे ठरवण्याचा अधिकार नसतो. मात्र हजेरी मांडणे, पाळी लावणे, रजा मंजूर करणे, कामाची वाटणी करणे आणि बढतीसाठी शिफारस करणे या गोष्टी त्यांच्या हातात असतात. कर्मचाऱ्याचा दिवस याच गोष्टींनी घडतो.

संस्था ही कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष भेटत नाही. संचालक मंडळाच्या बैठका, वार्षिक अहवाल व नियमांची पुस्तके त्याच्यापासून दूर असतात. त्याला दररोज भेटतो तो पर्यवेक्षक. त्यामुळे पर्यवेक्षकाने दिलेला शब्द हा संस्थेने दिलेला शब्द ठरतो आणि त्याने केलेला अन्याय संस्थेच्या नावावर जमा होतो.

सचोटीचे घटक

सचोटीच्या दोन अर्थच्छटा अभ्यासकांनी वेगळ्या केल्या आहेत. पहिली छटा नैतिक स्वरूपाची आहे. लाच न घेणे, खोटी नोंद न करणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय न लाटणे, स्वतःची चूक हाताखालच्या माणसावर न ढकलणे हे तिच्यात येते. एस. बार्थोलोम्यू क्रेग व सिग्रिड गुस्टाफसन यांनी १९९८ मध्ये तयार केलेली, ३१ विधानांची प्रश्नावली प्रामुख्याने या छटेचे मापन करते. वरिष्ठाच्या हातून कोणती गैरकृत्ये घडण्याचा संभव वाटतो, हे तीत कर्मचाऱ्यांना विचारले जाते.

दुसरी छटा उक्ती व कृती यांच्या मेळाची आहे. अमेरिकन अभ्यासक टोनी सायमन्स यांनी २००२ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. त्यांच्या मते या अर्थाच्या सचोटीत दोन गोष्टी येतात : दिलेले वचन पाळणे आणि ज्या मूल्यांचा उच्चार केला जातो त्यांप्रमाणे वागणे. एखादा मुख्याध्यापक वेळेवर येण्याचा आग्रह धरतो, पण स्वतः उशिरा येऊन वेळेवर आल्याची स्वाक्षरी करतो. येथे मूल्याचा उच्चार व वागणूक यांत फारकत होते. दिवाळीनंतर पाळी बदलून देण्याचे सांगून पर्यवेक्षक ते विसरतो, तेव्हा वचनभंग होतो. दोन्ही प्रसंगांत कर्मचाऱ्याला मिळणारा बोध सारखाच असतो : या माणसाच्या शब्दावर विसंबून काही ठरवता येत नाही.

पर्यवेक्षक प्रत्यक्षात कसा आहे यापेक्षा तो कर्मचाऱ्यांना कसा दिसतो, यावर बांधिलकी अवलंबून असते. वरून आलेल्या आदेशामुळे पर्यवेक्षकाला शब्द फिरवावा लागला आणि त्याने त्याचे कारण सांगितले नाही, तर त्याचा हेतू शुद्ध असूनही त्याची सचोटी संशयास्पद ठरते. म्हणून शब्द पाळता येत नसेल तेव्हा तसे वेळीच व स्पष्टपणे सांगणे हाही सचोटीचाच भाग मानला जातो.

विश्वासाच्या अभ्यासात सचोटीला स्वतंत्र स्थान आहे. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस व डेव्हिड शूरमन यांनी १९९५ मध्ये विश्वासार्हतेचे तीन आधार सांगितले : कार्यक्षमता, हितचिंतन आणि सचोटी. पर्यवेक्षक कामात निष्णात असेल आणि स्वभावाने प्रेमळही असेल. तथापि तो शब्दाला जागत नसेल, तर विश्वासाचा तिसरा पाय लंगडाच राहतो.

बांधिलकीचे प्रकार

संस्थाविषयक बांधिलकीचे पद्धतशीर मापन १९७० च्या दशकात सुरू झाले. लायमन पोर्टर, रिचर्ड स्टिअर्स व रिचर्ड मोडे यांनी १५ विधानांची प्रश्नावली तयार केली. पुढे कॅनडातील जॉन मेयर व नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन घटक मांडले. आज हेच वर्गीकरण सर्वाधिक प्रचलित आहे.

भावनिक बांधिलकी : कर्मचारी संस्थेत राहतो, कारण त्याला तेथे राहावेसे वाटते. संस्थेचे यश त्याला आपले वाटते.

हिशेबी बांधिलकी : कर्मचारी राहतो, कारण सोडून जाणे त्याला परवडत नाही. साचलेला भविष्यनिर्वाह निधी, संस्थेचे घर, मुलांची शाळा, परतफेड न झालेली उचल किंवा दुसऱ्या नोकरीचा अभाव ही याची कारणे असतात.

कर्तव्यभावनेची बांधिलकी : कर्मचारी राहतो, कारण राहणे हे त्याला आपले कर्तव्य वाटते. अडचणीच्या काळात संस्थेने दिलेला हात किंवा स्वतः घेतलेली शपथ यांतून ही भावना निर्माण होते.

एकाच माणसात हे तीनही घटक कमीअधिक प्रमाणात आढळतात. पर्यवेक्षकाच्या सचोटीचा परिणाम मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या घटकावर होतो. दुसरा घटक बाह्य परिस्थितीवर अवलंबून असल्याने पर्यवेक्षक कसाही असला तरी तो टिकून राहू शकतो. उत्तम काम, कमी गैरहजेरी आणि सहकाऱ्यांना आपणहून मदत करण्याची वृत्ती यांचा संबंध भावनिक बांधिलकीशी अधिक जुळतो. निव्वळ नाइलाजाने थांबलेल्या माणसाकडून या गोष्टींची अपेक्षा करता येत नाही.

परिणामाची प्रक्रिया

सचोटीचे रूपांतर निष्ठेत कसे होते, याची चार स्पष्टीकरणे दिली जातात.

पहिले स्पष्टीकरण परतफेडीचे आहे. ॲल्विन गोल्डनर यांनी १९६० मध्ये आणि पीटर ब्लाऊ यांनी १९६४ मध्ये सामाजिक देवाणघेवाणीचा विचार मांडला. पगाराच्या मोबदल्यात काम हा लेखी व्यवहार झाला. त्याबाहेर एक अलिखित व्यवहारही चालू असतो. न्यायाने वागवले गेल्याची जाणीव झालेला माणूस आपल्या परीने त्याची परतफेड करू पाहतो.

दुसरे स्पष्टीकरण प्रतिनिधित्वाचे आहे. रॉबर्ट आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून संस्थेच्या आधाराविषयीच्या कर्मचाऱ्यांच्या जाणिवेचा अभ्यास केला. कर्मचारी संस्थेला एखाद्या व्यक्तीप्रमाणे हेतू व स्वभाव चिकटवतात, असे त्यांनी दाखवले. पर्यवेक्षक हा संस्थेचे मूर्त रूप आहे असे जितके अधिक वाटते, तितकी त्याच्याशी असलेल्या संबंधाची छाया संस्थेवर अधिक पडते. याउलट, पर्यवेक्षक चांगला पण संस्था वाईट असे वाटल्यास निष्ठा त्या व्यक्तीपाशीच थांबते. मग तो नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर माणसेही जातात.

तिसरे स्पष्टीकरण अनुकरणाचे आहे. अल्बर्ट बांडुरा यांच्या सामाजिक अध्ययनाच्या सिद्धान्तानुसार माणूस उपदेशापेक्षा उदाहरणातून अधिक शिकतो. मायकेल ब्राऊन, लिंडा ट्रेविन्यो व डेव्हिड हॅरिसन यांनी २००५ मध्ये याच पायावर नैतिक नेतृत्वाची कल्पना उभी केली. वरच्या अधिकाऱ्याची वागणूक मधल्या पर्यवेक्षकात आणि त्याची वागणूक कामगारांत उतरते. हा प्रवाह वरून खाली वाहत असल्याने केवळ सर्वांत खालच्या पर्यवेक्षकाला दोष देणे बहुधा अपुरे ठरते.

चौथे स्पष्टीकरण निश्चिंततेचे आहे. पर्यवेक्षकाचा शब्द भरवशाचा असेल, तर कर्मचारी मुलांचे शिक्षण, घरातील कार्य, शेतीची कामे यांची आखणी करू शकतो. शब्द भरवशाचा नसेल, तर त्याचे अर्धे लक्ष स्वतःचा बचाव करण्यात गुंतते. हजेरीची वेगळी वही ठेवणे, तोंडी आदेशाला साक्षीदार शोधणे, जबाबदारी टाळणे ही त्याची लक्षणे होत.

महाराष्ट्रातील ऐतिहासिक उदाहरणे

मुंबईच्या कापड गिरण्यांतील जॉबर हे पर्यवेक्षकाच्या हाती एकवटलेल्या अधिकाराचे ठळक उदाहरण आहे. कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसाला गिरणीत काम मिळे ते जॉबरच्या ओळखीने. भरती, बदली कामगारांची निवड, काम शिकवणे आणि कामावरून काढणे या सर्व गोष्टींत त्याचा शब्द चाले. काम मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी त्याला पैसे द्यावे लागत. या वसुलीला दस्तुरी असे नाव होते. स्त्री कामगारांवर देखरेख करणाऱ्या नायकिणींबाबतही अशाच तक्रारी होत्या. जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने (१९२९–३१) या लाचखोरीची नोंद घेतली, जॉबरकडून नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार काढून घेण्याची आणि कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रण पद्धत सुरू झाली. बदली कामगाराची निवड जॉबरच्या मर्जीवर राहू नये, हा तिचा एक हेतू होता.

जॉबरची सत्ता निरंकुश होती असे मात्र म्हणता येत नाही. गिरणगावातील चाळी, गावकीचे संबंध आणि शेजार यांवर त्याचे वजन अवलंबून असे, असे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवले आहे. आपली माणसे सांभाळली नाहीत, तर त्याला माणसे मिळेनाशी होत. या व्यवस्थेत कामगाराची निष्ठा गिरणीपर्यंत पोहोचण्याआधीच जॉबरपाशी अडत असे. तो आपल्या जॉबरशी जोडलेला असे; गिरणी त्याला परकीच राही.

सचोटीच्या अभावी संस्था सोडण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव येथे स्वतःच्या व्यवसायाकडे पूर्ण लक्ष दिले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० मध्ये कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून नेमले. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते त्यांच्या हाती कारखान्याची राखण सोपवणे, हा उक्तीला कृतीची जोड देण्याचाच प्रकार होता. गुणवत्ता डावलली गेल्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने उभारलेली ही वसाहत भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते.

कर्तव्यभावनेच्या बांधिलकीचे उदाहरण पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत (स्थापना १८८४) सापडते. संस्थेचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत. आजीव सभासदांनी संस्थेबाहेर उत्पन्न मिळवावे की नाही आणि वेतनाबाबत कोणते धोरण असावे, यांवर त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. मूळ तत्त्वाशी तडजोड होत आहे असे वाटल्याने लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये संस्थेचा राजीनामा दिला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मात्र त्याच संस्थेत जवळजवळ दोन दशके सेवा करून १९०२ मध्ये निवृत्ती घेतली. येथे कोणाच्याही व्यक्तिगत प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता. एकाच प्रतिज्ञेचा दोन बाजूंनी वेगळा अर्थ लावला गेला, तर दोन्ही बाजू सचोटीच्या असूनही बांधिलकी तुटू शकते, हे या प्रसंगातून दिसते.

इंदापूर व बारामती परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील इंदापूर व बारामती हे तालुके या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहेत. कारण शेती, सहकार व उद्योग या तिन्ही क्षेत्रांतील पर्यवेक्षण तेथे शेजारी शेजारी आढळते. पुणे–सोलापूर महामार्गावर, भिगवणच्या पुढे, उजनी धरणाच्या फुगवट्यालगत असलेल्या डाळजसारख्या गावाच्या आसपास ही तिन्ही क्षेत्रे आहेत. भिगवणचा कागद कारखाना, लोणी देवकर व बारामती येथील औद्योगिक वसाहती, दोन्ही तालुक्यांतील सहकारी साखर कारखाने आणि वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यात वसवलेले वालचंदनगर ही परिसरातील रोजगाराची ठिकाणे होत.

वालचंदनगरसारख्या वसाहतीत काम, घर, शाळा व दवाखाना या सोयी एकाच उद्योगाभोवती उभ्या राहतात. अशा ठिकाणी हिशेबी बांधिलकी स्वाभाविकच बळकट असते, कारण नोकरी सुटली की घरही सुटते. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराला गाळप बंद असलेल्या काळात धारणा भत्ता, म्हणजेच रिटेन्शन, मिळतो. पुढील हंगामात त्याने परत यावे हा त्यामागील हेतू असतो. भत्त्यामुळे माणूस परत येतो. परत आल्यावर तो किती मन लावून काम करतो, हे बऱ्याच अंशी खातेप्रमुखावर अवलंबून राहते.

सहकारी संस्थेत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. तेथील कर्मचारी अनेकदा स्वतः सभासद असतो किंवा सभासदाच्या घरातील असतो. संचालक मंडळ निवडणुकीने बदलते. कायम होणे, बढती मिळणे किंवा सोयीचे खाते मिळणे या गोष्टी गटाच्या निष्ठेवर ठरतात असा समज पसरला, तर कर्मचाऱ्याची बांधिलकी संस्थेकडून गटाकडे वळते. अशा वातावरणात नियमाप्रमाणे वागणारा खातेप्रमुख सहकाराच्या मूळ कल्पनेचाच पाठीराखा ठरतो.

ऊसतोडणीतील मुकादम

सचोटी व बांधिलकी यांचा संबंध सर्वांत उघडपणे दिसतो तो ऊसतोडणीत. बीड व मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर येतात. पतिपत्नीच्या जोडीला कोयता असे म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो. ही रक्कम पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर होणाऱ्या मजुरीतून वळती होते. मुकादमाला मजुरीवर कमिशन मिळते. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर उरलेली बाकी पुढील वर्षावर जाते.

या व्यवहारात कामगाराजवळ बहुधा लेखी करार नसतो. किती खेपा गेल्या, वजनकाट्यावर किती टन भरले, मधल्या काळात खर्चीला किती पैसे घेतले, आजारपणाच्या दिवसांचा खाडा किती धरला, हे सर्व मुकादमाच्या वहीत असते. अक्षरओळख नसलेल्या कामगाराला ती वही वाचता येत नाही. म्हणून मुकादमाची सचोटी येथे थेट कुटुंबाच्या अन्नाशी जोडलेली असते. खाड्यापोटी होणारी कपात हा तर गंभीर सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे. बीड जिल्ह्यातील तोडणी कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा कामाचा दिवस बुडू नये या दडपणाकडेही लक्ष वेधले गेले.

बाहेरून पाहता दोन टोळ्या सारख्या दिसू शकतात. दोन्हींतील माणसे वर्षानुवर्षे एकाच मुकादमाबरोबर येत असतात. पहिल्या टोळीत मुकादम प्रत्येक खेपेची पावती वाचून दाखवतो, पंधरवड्याला हिशेब सांगतो, आजारी माणसाला दवाखान्यात नेतो. उचल फिटल्यावरही माणसे त्याच्याकडेच येतात. दुसऱ्या टोळीत बाकी कधी फिटतच नाही, म्हणून माणसे येतात. पहिली बांधिलकी आहे, तर दुसरी बंधन. दोन्हींमधील फरक ओळखण्याची कसोटी साधी आहे : उचल पूर्ण फिटली, तर माणूस पुढील वर्षी येईल काय?

विश्वासाचा हा व्यवहार दुहेरी असतो. मुकादम स्वतः कारखाना किंवा वाहतूकदाराकडून करारावर पैसे उचलतो. उचल घेऊन कामगार आलेच नाहीत, तर तो कर्जात बुडतो. ही भीती अनेकदा कठोर वागणुकीचे कारण म्हणून पुढे केली जाते. त्यामुळे सचोटीचा प्रश्न केवळ मुकादमाच्या स्वभावापुरता राहत नाही. धोका सर्वांत दुबळ्या पायऱ्यांवर ढकलणारी ही व्यवस्थाच अप्रामाणिकपणाला जागा करून देते.

संशोधनाचे निष्कर्ष

सायमन्स यांनी अमेरिका व कॅनडातील एकाच साखळीच्या ७६ हॉटेलांमधील ६,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. व्यवस्थापकांच्या उक्ती-कृतीच्या मेळाला कर्मचाऱ्यांनी पाच गुणांच्या मोजपट्टीवर गुण दिले. एका हॉटेलचे गुण एक अष्टमांश गुणाने वाढले, तर नफ्यात उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांइतकी वाढ अपेक्षित ठरते, असे त्यांना आढळले. विश्वास, बांधिलकी, ग्राहकसेवा व नफा अशी ही साखळी त्यांनी मांडली.

ॲन डेव्हिस व हॅना रॉथस्टाइन यांनी २००६ मध्ये १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्यवस्थापकाची सचोटी व कर्मचाऱ्यांचे कामविषयक दृष्टिकोन यांतील सरासरी सहसंबंध ०.४८ आला. त्याआधी कर्ट डर्क्स व डोनाल्ड फेरिन यांच्या २००२ मधील विश्लेषणात नेत्यावरील विश्वास व संस्थाविषयक बांधिलकी यांतील सहसंबंध ०.४९ आढळला होता. सहसंबंधाचा वर्ग केल्यास दोन गोष्टींमधील सामायिक तफावतीचा अंदाज येतो. ०.४८ चा वर्ग सुमारे ०.२३ होतो. याचा अर्थ, कर्मचाऱ्यांच्या दृष्टिकोनांतील तफावतीपैकी जवळजवळ एक चतुर्थांश भाग सचोटीविषयीच्या जाणिवेशी निगडित आहे. सामाजिक शास्त्रांत हा संबंध लक्षणीय मानला जातो. तथापि उरलेला तीन चतुर्थांश भाग पगार, कामाचे स्वरूप, सहकारी, घरची परिस्थिती इत्यादी गोष्टींशी संबंधित असू शकतो, हेही विसरता येत नाही.

भारतीय संदर्भात जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडलेली संवर्धक व कार्यनिष्ठ नेत्याची कल्पना महत्त्वाची आहे. भारतीय कर्मचारी वरिष्ठाकडून वडिलकीच्या मायेची अपेक्षा करतो. परंतु ती माया कामाच्या गुणवत्तेशी जोडलेली असेल तरच संस्थेचे काम पुढे जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वडिलकी मर्जीवर चालू लागली की तिचे रूपांतर पक्षपातात होते.

कायद्यातील प्रतिबिंब

सचोटी कायद्याने निर्माण करता येत नाही. तिच्या अभावाची काही रूपे मात्र कायद्याने निषिद्ध ठरवली आहेत. महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या बाजूने घडणाऱ्या अनुचित प्रथांची यादी आहे. गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एखाद्या गटाला झुकते माप देणे, कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून राबवून घेणे, चौकशीत साक्ष दिल्याबद्दल सूड घेणे आणि झालेला करार अमलात न आणणे या गोष्टी तीत येतात. यांतील पहिली बाब म्हणजे पक्षपात आणि शेवटची म्हणजे वचनभंग. सचोटीच्या अभ्यासकांनी सांगितलेले दोष येथे कायद्याच्या भाषेत आढळतात. मात्र दररोजच्या लहान प्रसंगांपैकी फारच थोडे न्यायालयापर्यंत पोहोचतात.

मर्यादा व आक्षेप

या विषयावरील संशोधनाला काही मर्यादा आहेत. बहुतेक अभ्यासांत एकाच वेळी, एकाच माणसाला पर्यवेक्षकाविषयी व बांधिलकीविषयी विचारले जाते. समाधानी माणूस दोन्ही प्रश्नांना अनुकूल उत्तर देतो, त्यामुळे संबंध फुगलेला दिसू शकतो. कार्य कोणते व कारण कोणते, हेही अशा अभ्यासातून निश्चित होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. उक्ती व कृती यांचा मेळ म्हणजे न्याय नव्हे. मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो व त्यामुळे विटाळ होतो, असे कारण दिले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न ठामपणे मांडला. असा नियम कोणी अगदी सातत्याने पाळला, तरी त्याला सचोटी म्हणता येणार नाही. म्हणून केवळ सातत्यावर आधारलेली व्याख्या अपुरी आहे. पाळला जाणारा नियम न्याय्य आहे काय, हेही पाहावे लागते.

तिसरी मर्यादा मौनाच्या अर्थाविषयी आहे. गेर्ट हॉफस्टेडे यांच्या सत्ता-अंतराच्या निर्देशांकात भारताचे गुण ७७ असून ते बरेच वरचे आहेत. वरिष्ठाला उलट न बोलणे हा जेथे शिष्टाचार समजला जातो, तेथे तक्रार नसणे म्हणजे समाधान असणे असे गृहीत धरता येत नाही.

बांधिलकी नेहमीच हितकारक असते असेही नाही. एलिझाबेथ अम्फ्रेस व जॉन बिंगहॅम यांनी संस्थेच्या भल्यासाठी म्हणून केल्या जाणाऱ्या अनैतिक कृत्यांचा अभ्यास केला आहे. संस्थेशी एकरूप झालेला कर्मचारी तिच्या चुका झाकण्यासही प्रवृत्त होऊ शकतो. यावर पर्यवेक्षकाची सचोटी हाच उतारा ठरतो. कारण सचोटीचा पर्यवेक्षक आपल्या माणसांना संस्थेसाठी खोटे बोलायला लावत नाही.

व्यवहारातील कसोट्या

वरील विवेचनातून पर्यवेक्षकाच्या सचोटीच्या काही व्यावहारिक कसोट्या निघतात. हजेरी, वजन, उचल व जादा काम यांच्या नोंदी कर्मचाऱ्याला पाहता व समजून घेता येतात काय? नियम आपल्या माणसाला व परक्याला सारखाच लागू होतो काय? दिलेला शब्द पाळता आला नाही, तर त्याचे कारण वेळेवर सांगितले जाते काय? चूक झाल्यास पर्यवेक्षक ती स्वतःकडे घेतो काय? तक्रार करणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच कामावर, त्याच मानाने उभा राहू शकतो काय?

या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर कर्मचाऱ्याला जाण्याची मोकळीक असूनही तो राहण्याचा संभव वाढतो. उत्तरे नकारार्थी असतील, तर हजेरीपटावर नाव राहते; पण काम करणारे मन केव्हाच बाहेर पडलेले असते.